सायकोडायनॅमिक थेरपी: ती काय करते, कुणाला उपयोगी पडते आणि सुरुवात कशी करायची

तीन ठिकाणी नोकरी केली आणि तिन्ही ठिकाणी वर्ष पुरं व्हायच्या आत वरिष्ठांशी बिनसलं. कुणी जवळ येऊ लागलं की आपणच काहीतरी खुसपट काढून लांब होतो. कौतुक झालं की आनंद व्हायचा सोडून छातीत धडधडतं. अशा तक्रारी घेऊन माणूस मदत मागायला जातो तेव्हा त्याला झोपेबद्दल, व्यायामाबद्दल, विचार तपासून पाहण्याबद्दल चांगल्या सूचना मिळतात आणि त्यांनी फरकही पडतो. तरी काही जणांच्या मनात एक प्रश्न उरतोच: माणसं बदलली, जागा बदलली, मग माझ्याच बाबतीत तेच ते पुन्हा का घडतं?

सायकोडायनॅमिक थेरपी याच प्रश्नावर काम करते. ती आपल्याला लागू पडेल का हे कसं ठरवायचं, आणि ठरलं तर पुढे काय करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी तिचं म्हणणं समजून घ्या

आपण जे वागतो त्यातलं बरंचसं का वागतो हे आपलं आपल्यालाच ठाऊक नसतं. लहानपणी ज्यांच्या आधाराने वाढलो त्यांच्याशी जसं जुळवून घेतलं, तसंच आपण पुढे इतरांशी वागत राहतो. आणि जी भावना सोसवत नाही, तिला मन नाना वाटांनी दूर ठेवतं. या थेरपीचा पाया एवढाच आहे.

सुरुवात व्हिएन्नात झाली. योसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार केले. ‘ॲना ओ.’ या नावाने ती पुढे ओळखली गेली. मनातलं बोलून टाकल्यावर तिची लक्षणं ओसरतात, असं त्यांनी नोंदवलं. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी मिळून हे काम प्रसिद्ध केलं. त्यानंतर या विचाराने बरीच वळणं घेतली. मेलनी क्लाइन, डॉनल्ड विनिकॉट, जॉन बोल्बी यांच्यासारख्यांनी भर दिला तो मूल आणि त्याला सांभाळणारी माणसं यांच्या नात्यावर. त्यामुळे ‘मला फ्रॉइड पटत नाही’ म्हणून ही थेरपी नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की फ्रॉइडचं सगळं मान्य करण्याची अट आज कुणी घालत नाही. कोचावर आडवं पडून आठवड्यातून तीन ते पाच वेळा बोलणं म्हणजे मनोविश्लेषण. ही थेरपी त्याच घराण्यातली असली तरी इथे समोरासमोर खुर्चीत बसून, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, साधारण ५० मिनिटं बोलायचं असतं.

थेरपिस्टच्या डोक्यात बोलणं ऐकताना काय चालू असतं, ते समजायला ब्रिटिश मनोविश्लेषक डेव्हिड मॅलन यांनी वापरलेले दोन त्रिकोण फार उपयोगी आहेत. पहिल्याच्या एका टोकाला लपलेली भावना, दुसऱ्याला तिची भीती, तिसऱ्याला त्या भीतीपासून वाचण्याची युक्ती, म्हणजे बचाव. समजा, भावना रागाची आहे. ‘मी रागावले तर लोक मला सोडून जातील’ ही भीती. आणि हसून विषय टाळणं, किंवा ज्याचा राग आला त्याच्यासाठीच आणखी राबणं, हा बचाव. बाहेरून दिसतो तो फक्त बचाव, आणि त्याच्यामागून येणारा थकवा. दुसऱ्या त्रिकोणाची टोकं माणसांची आहेत: पूर्वीची माणसं, आजची माणसं आणि खुद्द थेरपिस्ट. पहिला त्रिकोण या तिन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा उभा राहतो. तो ओळखता येणं, आणि ज्या भावनेला इतकी वर्षं लांब ठेवलं ती थेरपिस्टसमोर बसून सहन करता येणं, हे इथलं मुख्य काम.

पायरी १: आपली तक्रार कागदावर मांडून पाहा

थेरपिस्ट शोधण्याआधी एक काम घरीच करता येतं. तुम्हाला खुपणारे तीन प्रसंग निवडा, शक्यतो वेगवेगळ्या वर्षांतले आणि वेगवेगळ्या माणसांबरोबरचे. प्रत्येकाखाली लिहा: समोरच्याकडून मला काय हवं होतं, त्याने काय केलं, मला काय वाटलं, मी काय केलं आणि शेवट काय झाला. ‘काय वाटलं’ इथे ‘तो चुकीचं वागला’ असं लिहू नका; तो निवाडा झाला. भीती, लाज, राग, हेवा, एकटेपण, यातलं जे होतं ते लिहा.

तिन्ही कागद शेजारी ठेवले की बहुतेकांना एकतर काहीच साम्य दिसत नाही, किंवा इतकं दिसतं की दचकायला होतं. साम्य दिसलं, तर ही थेरपी विचारात घेण्यासारखी आहे. तक्रार एकाच जागेपुरती असेल, जसं की फक्त लिफ्टची भीती, फक्त परीक्षेच्या आधी उडणारी झोप, तर इतक्या लांबच्या वाटेने जायचं कारण नाही.

पायरी २: जे आधी करायला हवं ते आधी करा

मन उदास असणं, धडधड, थकवा, चिडचिड यांच्यामागे थायरॉइडचा किंवा आणखी एखादा शारीरिक आजार असू शकतो. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. जीव द्यावासा वाटत असेल, तर थेरपीची वेळ मिळण्याची वाट पाहू नका. तातडीच्या सेवेशी किंवा जवळच्या रुग्णालयाशी आजच संपर्क साधा आणि एका तरी विश्वासाच्या माणसाला सांगा. भास होत असतील, संशय टोकाला गेला असेल, किंवा झोपेची गरजच वाटत नाही इतका उत्साह चढला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं. दारू किंवा इतर व्यसन रोजचं झालं असेल तरी आधी ते आटोक्यात यावं लागतं. कारण या थेरपीत भावना ढवळून निघतात, आणि त्या दाबायचा मार्ग हाताशी असेल तर माणूस सेशनमधून उठून थेट तिकडेच जातो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज, या घडीला, कुणी तुम्हाला मारहाण करत असेल, धमकावत असेल, तर ‘मी अशी माणसं का निवडते’ हा प्रश्न बाजूला ठेवा. पहिलं काम सुरक्षित जागी पोचण्याचं. तुमच्यावर अत्याचार करणाऱ्याच्या वागण्याचं मूळ तुमच्या बालपणात शोधू पाहणारा थेरपिस्ट भेटला, तर तो चुकतो आहे.

औषधं चालू असतील तर ती बंद करायची गरज नाही. दोन्ही बरोबर चालतं, आणि बऱ्याचदा तेच बरं असतं.

पायरी ३: आपल्याला लागू पडेल का ते पाहा

ही थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा, तिला पुरावा नाही, असं म्हणणारे भेटतात. ते खरं नाही. ती सगळ्यावर चालते असं म्हणणारेही भेटतात. तेही खरं नाही.

नैराश्याचं उदाहरण घेऊ. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दीर्घकाळ नैराश्य असलेले, आधीचे किमान दोन उपचार वाया गेलेले १२९ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्याबरोबर आठवड्यातून एकदा अशी दीड वर्षाची मनोविश्लेषणावर आधारलेली थेरपी. उपचार संपले तेव्हा दोन्ही गटांत फारसं अंतर नव्हतं. अंतर वाढलं ते नंतर. थेरपी संपून दोन वर्षं झाल्यावर थेरपी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोक तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण १० टक्के होतं. पूर्ण बरे झालेले मात्र दोन्हीकडे थोडेच. इतक्या चिवट आजारात हा आकडा मला आशादायक वाटतो, आणि थेरपी संपल्यानंतर फायदा वाढत जातो ही गोष्ट तर जास्तच.

साध्या, मध्यम नैराश्यात तिची आणि सीबीटीची, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीची, बरोबरी होते. नेदरलँड्समध्ये ३४१ रुग्णांना दोन्हींपैकी एक अशी १६ सेशन दिली गेली, आणि २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी जर्मनीतला, सामाजिक भयगंडाच्या, म्हणजे चारचौघांत वावरायची तीव्र भीती असलेल्या, ४९५ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे उपचाराअखेर लक्षणमुक्त झालेले ३६ टक्के सीबीटीच्या गटात आणि २६ टक्के सायकोडायनॅमिक गटात होते. नुसतं प्रतीक्षायादीत असलेल्यांत ९ टक्के. म्हणजे उपयोग झाला, पण सीबीटी पुढे होती. दोन वर्षांनंतर पाहिलं तेव्हा दोघींतलं हे अंतर राहिलं नव्हतं.

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात, जिथे नाती टोकाची वर-खाली होतात आणि स्वतःला इजा करण्याचं प्रमाण मोठं असतं, तिथे याच परंपरेतून निघालेल्या काही पद्धतींचं काम ठळक आहे. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांची पद्धत त्यातली एक. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेण्याची क्षमता तिच्यात हळूहळू बांधली जाते. पॅनिकचे झटके येणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा, अशा २४ सेशनची खास आखणी बार्बरा मिलरॉड यांनी केली आणि तपासलीही.

आता दुसरी बाजू. विशिष्ट गोष्टीच्या भीतीसाठी ती गोष्ट टप्प्याटप्प्याने समोर आणण्याचा उपचार जास्त परिणामकारक आहे. ओसीडीसाठी, म्हणजे हात धुणं, कुलूप तपासणं असल्या कृतींच्या फेऱ्यासाठीही, त्याच धर्तीचा उपचार आधी घ्यावा. खाण्याच्या विकारांबद्दल कोपनहेगनचा २०१४ चा अभ्यास डोळ्यांत अंजन घालणारा आहे. बुलिमियाच्या ७० रुग्णांपैकी काहींना पाच महिन्यांत २० सीबीटी सेशन दिली, बाकीच्यांना दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक थेरपी. दोन वर्षांनी भरमसाट खाणं आणि ते ओकून काढणं थांबलेले सीबीटी गटात ४४ टक्के, दुसरीकडे १५. लक्षण स्वतःच शरीराची नासाडी करत असेल, तर आधी त्या लक्षणालाच हात घालणारा उपचार हवा.

आजाराच्या नावापलीकडे माणसाकडेही पाहावं लागतं. बालपण दुःखाचं असलं पाहिजे, माणूस फार शिकलेला पाहिजे, असं काही नाही. स्वतःबद्दल कुतूहल हवं. थोडा वेळ वाईट वाटलं तरी कोलमडणार नाही इतकी तग हवी. आयुष्यात एकतरी नातं, मग ते आजीशी असो वा शिक्षकांशी, बऱ्यापैकी भरवशाचं झालेलं असेल तर काम सोपं जातं. ‘मला काय करायचं ते सांगा, मी करतो’ अशी ज्यांची मनापासूनची अपेक्षा आहे, त्यांनी ठोस आखणीच्या थेरपीकडे जावं. तसं असण्यात कमीपणा काही नाही.

पायरी ४: थेरपिस्ट निवडा

फोनवर किंवा पहिल्या भेटीत विचारायला हरकत नाही असे प्रश्न: तुमचं शिक्षण कशात झालं आहे आणि सायकोडायनॅमिक पद्धतीचं वेगळं प्रशिक्षण घेतलं आहे का? तुमच्या कामावर कुणी ज्येष्ठ थेरपिस्ट देखरेख करतात का? तुम्ही स्वतः थेरपी घेतली आहे का? हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, पण या पद्धतीत तो रास्त आहे, कारण इथे थेरपिस्टला स्वतःच्या प्रतिक्रियांमधूनही समोरच्याला समजून घ्यायचं असतं. तपशील सांगायला ते बांधील नाहीत. हो किंवा नाही एवढं पुरे.

दोन-तीन जणांना भेटून मग ठरवलं तरी चालतं. पहिल्या भेटीनंतर ‘फार छान वाटलं’ याला मी फार महत्त्व देणार नाही. आपण सांगितलेल्यातलं काहीतरी त्यांनी असं परत मांडलं का, की ‘हे मला सुचलं नव्हतं, पण खरं आहे’ असं वाटलं? ती खूण जास्त भरवशाची. आणि ‘सहा सेशनमध्ये मुळापासून बरं करतो’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा.

पायरी ५: चौकट ठरवून घ्या

पहिली दोन-चार सेशन चाचपणीची असतात. त्यानंतर वार, वेळ, फी, रद्द केलेल्या सेशनचा नियम, सुट्ट्या आणि मध्येच संपर्क करायचा असेल तर काय, हे सगळं स्पष्ट बोलून घ्या. अल्पमुदतीच्या थेरपीत साधारण १६ ते ३० सेशन आणि एकच ठरवलेला विषय असतो. दीर्घमुदतीची वर्ष, दोन वर्षं किंवा जास्त चालते. पैसे आणि वेळ यांचा हिशेब आधीच करा. परवडत नसेल तर अल्पमुदतीची पूर्ण करणं हे दीर्घमुदतीची अर्ध्यात सोडण्यापेक्षा बरं.

गोपनीयतेच्या मर्यादाही विचारून घ्या: जिवाला धोका किंवा मुलावर अत्याचार, अशा वेळी थेरपिस्ट गुप्तता मोडू शकतात.

पायरी ६: बोलायचं कसं

नियम एकच, आणि तो पाळणं अवघड. मनात येईल ते बोला. किरकोळ, असंबद्ध, लाजिरवाणं वाटलं म्हणून गाळू नका. विषयांची यादी करून नेली तर ती बऱ्याचदा बचावच ठरते. स्वप्न पडलं तर सांगा, त्याचा अर्थ लावून न्यायची गरज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: थेरपिस्टबद्दल जे वाटतं ते थेरपिस्टलाच सांगा. इथे लोक सर्वांत जास्त अडखळतात. एक काल्पनिक प्रसंग पाहा. थेरपिस्टनी मागच्या वेळी सांगितलं होतं की त्या पुढचे दोन आठवडे नसतील. आज त्यांच्याकडे येणारा रुग्ण वीस मिनिटं उशिरा आला आहे.

“आज बोलण्यासारखं काही नाही. आठवडा बरा गेला. खरं तर आता महिन्यातून एकदा आलं तरी चालेल, असं वाटतंय.”

“मी दोन आठवडे नसणार, असं मागच्या वेळी सांगितलं होतं.”

“हो, सुट्टी सगळ्यांनाच लागते. माझी काही अडचण नाही.”

“नसेलही. पण मी जाणार म्हटलं, आणि तुम्ही येणं कमी करायचं म्हणताय. दोन्हींचा काही संबंध असेल का?”

बराच वेळ तो गप्प राहतो. मग म्हणतो, “रागवायचा मला काय हक्क? तुम्ही काय फक्त माझ्यासाठी बसलाय?”

“हक्काचं नंतर पाहू. राग आला का?”

“आला.”

त्यानंतर त्याला आठवतं की तो पाच वर्षांचा असताना आई कित्येक आठवडे रुग्णालयात होती. घरचे सगळे म्हणायचे, किती शहाणा आहे, एकदाही रडला नाही. आणि मग त्याच्या स्वतःच ध्यानात येतं की बायको चार दिवस माहेरी जायची म्हटली की तो आधीपासूनच तिच्याशी तुटक बोलायला लागतो.

लपलेली भावना, तिची भीती, आधी आपणच लांब व्हायचा बचाव. आई, बायको, थेरपिस्ट. दोन्ही त्रिकोण काही मिनिटांत समोर आले. याला ट्रान्सफरन्स म्हणतात: जुन्या नात्यातल्या अपेक्षा आणि भीती थेरपिस्टवर येऊन बसणं. तो उशिरा आल्याची क्षमा मागून दुसऱ्या विषयाकडे वळला असता, किंवा थेरपिस्टनी ते सोडून दिलं असतं, तर ही संधी गेली असती. म्हणून उशीर झाला, फी द्यायला विसरलो, कंटाळा आला, थेरपिस्टच्या दुसऱ्या रुग्णाचा हेवा वाटला, त्यांच्याबद्दल आकर्षण वाटलं, असं काहीही झालं तरी ते बोला. आकर्षण वाटणं चूक नाही. त्याला प्रतिसाद म्हणून थेरपिस्टने जवळीक करणं मात्र कधीही, कोणत्याही कारणाने, क्षम्य नाही. तसं घडलं तर थेरपी तिथेच थांबवा आणि तक्रार करा.

पायरी ७: चाललंय ते बरं चाललंय का, ते तपासत राहा

पहिल्या काही आठवड्यांत आधीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटू शकतं. हे अपेक्षित आहे. सेशनच्या दुसऱ्या दिवशी रिकामं वाटणं, जुनं काही आठवून रडू येणं, इथपर्यंत ठीक. पण झोप, जेवण, काम आठवडेच्या आठवडे बिघडत चाललं, किंवा मरणाचे विचार वाढले, तर ते पुढच्याच सेशनमध्ये सांगा आणि डॉक्टरांनाही भेटा.

दर तीन-चार महिन्यांनी ‘आपण कुठे आहोत’ हे थेरपिस्टला सरळ विचारा. पायरी १ चे कागद तेव्हा बाहेर काढा. सुधारणा आधी दिसते ती अशी: तसाच प्रसंग येतो, तुम्ही तसंच वागता, पण त्याच संध्याकाळी ‘पुन्हा तेच झालं’ हे ध्यानात येतं. पुढे ते प्रसंगातच ध्यानात येतं. वागणं बदलतं ते त्यानंतर. सहा महिने झाले तरी यातलं पहिलंही नाही, आणि विचारल्यावर थेरपिस्ट फक्त ‘हा तुमचा विरोध आहे’ (म्हणजे तुमचं मनच या कामाला आडवं येतंय) एवढंच म्हणत असतील, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. कधी कधी तो विरोध असतोही. पण प्रत्येक शंकेचं तेच उत्तर मिळू लागलं, तर ते उत्तर नव्हे.

पायरी ८: संपवायची कशी

एका मेसेजने थेरपी सोडू नका, विशेषतः निरोपाचं नीट न जमणं हाच तुमचा त्रास असेल तर. संपवायचं मनात आलं की ते सेशनमध्ये बोला आणि दीर्घ थेरपी असेल तर शेवटासाठी काही आठवडे, शक्य असल्यास दोन-तीन महिने राखून ठेवा. या काळात जुनी लक्षणं पुन्हा वर येतात, आणि बरेच जण घाबरून ‘मी काही सुधारलोच नाही’ असं ठरवून टाकतात. बहुतेक वेळा ती ताटातुटीची प्रतिक्रिया असते, आणि तीवर काम करण्यासाठीच हे आठवडे ठेवलेले असतात. थेरपिस्टकडून जे मिळालं नाही त्याची नाराजीही याच काळात बोलायची.

थेरपी संपल्यावर लगेच दुसरीकडे सुरू करू नका. जे समजलं ते रोजच्या वागण्यात उतरायला अवकाश लागतो. पुढे कधी जुनं पुन्हा डोकं वर काढतंय असं वाटलं, तर त्याच थेरपिस्टकडे थोड्या सेशनसाठी परत जाता येतं. तशी सोय आहे का, ते शेवटच्या सेशनआधी विचारून घ्या.